उलटा सरकणारा फोटो

गेल्या महिन्यात सईचा ईमेल आला. तिनं लिहिलं होतं, "आजी, तुझ्या वेबसाइटवरच्या सगळ्या फोटोंवरची सरकती रेघ नीट चालते, फक्त एका फोटोची उलटी चालते. बाकी सगळीकडे आधी नीटनेटका फोटो दिसतो आणि रेघ सरकवली की खालून जुना बाहेर येतो. या एकात आधी जुना दिसतो आणि खालून नीटनेटका येतो. दोन फाइलींच्या नावांची अदलाबदल झाली असावी. अमेय सुट्टीत सगळी साइट नव्यानं बांधून देणार आहे, तेव्हा तो ही चूक काढून टाकेल."

सईनं हे इंग्रजीत लिहिलं होतं. मी उत्तर मराठीत देते आहे आणि तेही दिवाळी अंकातून. या अंकाच्या संपादकांनी मला स्टुडिओतल्या कामाबद्दल लिहायला सांगितलं आणि त्याच आठवड्यात हा ईमेल आला, तेव्हा दोन्ही उत्तरं एकदाच द्यावीत असं ठरवलं. सई, अमेय, तुमचे बाबा वाचून दाखवतील. अडेल तिथे त्यांना थांबवा आणि विचारा.

नावांची अदलाबदल झाली आहे हे खरं आहे. पण ती चूक नाही. एका बाईनं आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या शेजारची जागा मागितली होती, आणि ती जागा त्या अदलाबदलीत आहे. अमेयनं दुरुस्तीला हात घालण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी मी लिहायला बसले.

तुमच्या आजोबांचा आर्वीत एसटी डेपोच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ होता. ते फोटो काढत आणि मी रिटचिंग, म्हणजे फोटोंची डागडुजी, करी. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली नागपूरची मुलगी फोटोच्या दुकानात पेन्सिल घेऊन बसते, याचं गावात काही दिवस नवल झालं आणि मग लोकांना सवय झाली. माझं इंग्रजी केमिकलच्या डब्यांवरच्या सूचना वाचण्याच्या कामी आलं. त्या सूचना मी अक्षरशः पाळत असे, त्यामुळे आमच्या दुकानचे फोटो पिवळे पडत नसत. याचा मला अजून अभिमान आहे.

लग्न, बारसं, पासपोर्ट साइज हे सगळं आजोबांचं खातं. माझ्याकडे यायचे ते मेलेल्यांचे फोटो. घरात कोणी गेलं की तेरवीच्या आत भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असे, हार घालण्याजोगा. पण त्या काळी खेड्यातल्या माणसाचा एकट्याचा धड फोटो क्वचितच असायचा. मग नातेवाईक मिळेल ते घेऊन येत. इलेक्शन कार्ड, बँकेचं पासबुक, कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, ज्यात मागच्या रांगेत त्याचं अर्धं डोकं असायचं. त्यातून मला एक अख्खा माणूस उभा करायचा असे.

काम असं चाले. आणलेला फोटो स्टँडवर लावायचा, दोन्ही बाजूंनी दिवे, आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा. त्या निगेटिव्हवरून मोठी प्रत काढायची. त्यातलं डोकं ब्लेडनं कापून घ्यायचं, कपडे घातलेल्या दुसऱ्या धडावर चिकटवायचं, जोड ब्रशनं बुजवायचा, मागे सपाट राखाडी रंग भरायचा, आणि या सगळ्याचा परत एकदा फोटो काढायचा. हे आता कॉम्प्युटर करतो. आमच्याकडे ते करायला सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल होती आणि माझे डोळे होते.

ही धडं आम्ही आधीच तयार करून ठेवलेली असत. पाकिटांत, व्यवस्थित. बायकांसाठी डोक्यावर पदर घेतलेलं लुगडं, म्हाताऱ्यांसाठी सदरा, आणि इतर सगळ्या पुरुषांसाठी एक काळा कोट. समोरून, थोडा डावीकडून, थोडा उजवीकडून. तो कोट तुमच्या आजोबांचा आमच्या लग्नातला. त्यांनी तो घालून माझ्यासमोर उभं राहायचं आणि मी फोटो काढायचा, असे आमच्या दुकानात मीही फोटो काढले आहेत; फक्त त्यांतलं डोकं कधी वापरलं नाही. आयुष्यात ज्याच्या अंगाला कोट लागला नाही अशा किती माणसांना मी मेल्यावर तो घातला, याचा हिशेब नाही. आर्वी तालुक्यातले बरेचसे पूर्वज आपल्या घरच्या कोटात आहेत.

हे सर्वांत आधी ओळखलं ते गुलाबरावांनी. हे आमच्या ओळखीचे, जवळच्या खेड्यातले शेतकरी. एकदा दुकानात आले आणि म्हणाले, "बाई, फोटो करून द्या. भिंतीवरचा."

"कोणाचा?"

"माहाच."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही चांगले धडधाकट आहात की."

"म्हूनच तं आलो. मेल्यावर मले येनं होते का? पोट्टे इलेक्शन कार्डाचा फोटो मोठा करून लावतीन. त्याच्यात मी चोरावानी दिसतो."

मी कोटाचं पाकीट काढायला लागले तर त्यांनी हात आडवा केला. "कोट नको जी. आमच्या गावातले समदे मेलेले तुमच्याच कोटात हायेत. वरतं गेल्यावर कोन कोनाचा बाप, ओयखू नाई येनार."

त्यांचा फोटो आजोबांनी काढला, सदऱ्यात, अगदी ते जसे दिसत तसा. पण तो भिंतीवर लागला नाही. त्यांच्या बायकोनं लावूच दिला नाही. जिवंत माणूस त्या चौकटीत ठेवायचा नाही, त्या चौकटीला हार पडतो आणि जित्या माणसाच्या फोटोला हार पडणं बरं नव्हे, असं आमच्याकडे मानतात. फोटो धोतरात गुंडाळून माळ्यावर गेला. गुलाबराव दर दिवाळीला तो खाली काढून पुसत आणि परत ठेवून देत. ते गेल्यावर मुलांना काही शोधावं लागलं नाही.

हे मी गंमत म्हणून सांगते आहे, पण हाराची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

सगळी कामं अशी हसण्याची नव्हती. एक बाई आपल्या मुलाचा फोटो घेऊन आली होती. तो गेल्यानंतर घेतलेला, तोच एक. डोळे मिटलेले. ती म्हणाली, "डोये उघडून द्या." मी विचारलं, याचे डोळे कोणासारखे होते? ती म्हणाली, बहिणीसारखे. मी बहिणीला बोलावून घेतलं, खिडकीजवळ बसवलं आणि तिचे डोळे बघून त्याचे काढले. फोटो न्यायला आली तेव्हा बाई काउंटरशीच फोटो बघत उभी राहिली आणि मग आजोबांना म्हणाली, "पाहून राह्यला." म्हणजे बघतो आहे. त्या दिवशी मी दुसरं काम घेतलं नाही. आपण काढलेले डोळे खरे नाहीत हे आपल्याला माहीत असतं. ते तिलाही माहीत होतं असं मला वाटतं.

आता त्या उलट्या फोटोकडे येते.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला पुंडलिकराव नावाचे एक गृहस्थ आले. वर्धा नदीकडच्या एका गावात त्यांची शेती होती. त्यांचा धाकटा भाऊ वसंता तापानं गेला होता. बरोबर वसंताची बायको होती, चंद्रकला. तिशी ओलांडलेली असावी. ती बाकावर बसली, पदर पुढे ओढून. पुंडलिकरावांनी काउंटरवर एक फोटो ठेवला. जत्रेतल्या फोटोवाल्यानं काढलेला, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर नदी आणि चंद्र. वसंता बुशशर्टात उभा, केस पाण्यानं चापून बसवलेले, हसू येतंय ते दाबल्यासारखा. शेजारी चंद्रकला, आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर. जत्रेतले फोटोवाले नव्या जोडप्यांना असाच हात ठेवायला लावत. आपल्या अंगणात तिनं तसा कधी ठेवला नसता.

"याच्यातला वसंता घ्या जी," पुंडलिकराव म्हणाले. "बाई काढून टाका."

बाई चार हातांवर बसलेली होती. पण त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. ते हाराबद्दलच बोलत होते. ती जिवंत होती, तिला त्या चौकटीत ठेवून कसं चालेल?

मी विचारलं, "कपडे कोणते?"

"कोट. आन टोपी."

"टोपी नाई घालत जात ते," बाकावरून आवाज आला. ती माझ्याकडे बघून बोलली होती. पुंडलिकराव तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. आमच्याकडच्या जुन्या घरांत धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं तर तिसऱ्याला सांगते आणि ज्यानं ऐकायचं तो ऐकतो.

"राहू द्या मंग टोपी," पुंडलिकरावही मलाच म्हणाले.

ते बाहेर विडी ओढायला गेले तेव्हा ती उठून काउंटरपाशी आली. तिनं फोटोवर बोट ठेवलं. "हा हात दिसन का जी?"

मी म्हटलं, "नाही. कोट आला की झाकला जाईल."

तिनं मान हलवली आणि परत जाऊन बसली.

फोटो चांगला झाला. खरं सांगायचं तर फार चांगला झाला. खांद्याचा जोड कोणालाही दिसला नसता. आम्ही मूळ फोटो परत केला आणि त्याची निगेटिव्ह माझ्या शिस्तीप्रमाणे गावाचं नाव घालून पाकिटात ठेवली. तुमचे आजोबा या पाकिटांवरून मला चिडवत. म्हणत, एवढी मेलेली माणसं सांभाळून ठेवतेस, जिवंत नवऱ्याचा चष्मा तेवढा सापडत नाही.

दोन हजारनंतर आजोबा गेले. तोपर्यंत डिजिटल कॅमेरे आले होते आणि तुमचे बाबा तिकडे परदेशात स्थिरावले होते. दुकान बंद केलं. त्यांचा भिंतीवरचा फोटो करायला बसले तर लक्षात आलं, जन्मभर कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाचे फोटो नसतातच. कोटातले होते पुष्कळ, पण त्यांत मी डोक्याकडे लक्षच दिलं नव्हतं. कुठे हललेलं, कुठे अर्धं कापलेलं. शेवटी एक सापडला, ज्यात ते माझ्यावर वैतागून काहीतरी बोलत आहेत. तोच लावला. त्याला मी पेन्सिल लावली नाही.

मग एकदा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू नेमकं काय काम करायचीस?" मी सांगायला लागले आणि ते जमेना. फोटो रंगवायचीस का, फोटोतली माणसं बदलायचीस का, असं तुम्ही विचारत राहिलात. तुमचे बाबा म्हणाले, आई, दाखवल्याशिवाय यांना कळणार नाही, मी इंटरनेटवर तुला थोडी जागा घेऊन देतो, तिथे फोटो लाव.

आर्वीत तेव्हा भोयर सरांचा सायबर कॅफे होता. मूळचा टायपिंगचा क्लास; अर्ध्या टेबलांवर अजून टाइपरायटर होते आणि अर्ध्यांवर कॉम्प्युटर. मी उन्हं उतरली की तिथे जाऊन बसू लागले. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून बघितले, पण त्यात मजा नव्हती. जोड कुठे आहे ते कळत नव्हतं, आणि माझं सगळं काम त्या जोडातच होतं. मग एका साइटवर ही रेघ दिसली. एकाच चौकटीत दोन फोटो, एकावर एक. कडेला उभी रेघ. माउसनं रेघ ओढली की वरचा फोटो बाजूला होतो आणि खालचा उघडा पडतो. ज्यानं कोणी ते तयार केलं होतं त्यानं सगळा कोड फुकट देऊन ठेवला होता, इंग्रजीत नीट सूचना लिहून. अमुक ओळीत वरच्या फोटोच्या फाइलीचं नाव घाला, त्याच्या खालच्या ओळीत खालच्या फोटोचं. बाकी कशाला हात लावू नका.

मी भोयर सरांना ते दाखवलं.

"काकू, मले टायपिंग शिकोता येते," ते म्हणाले. "हे जावास्क्रिप्ट का काय, हे माह्या बापानंबी पाह्यलं नाई."

"मग टायपिंगच करा. मी वाचते, तुम्ही टाइप करा."

ते बिनचूक टाइप करत आणि मी सूचना सोडत नसे, म्हणून ते जमलं. पहिल्यांदा नुसतीच पांढरी चौकट आली. फाइलीच्या नावात एक अक्षर मोठं पडलं होतं. केमिकलच्या डब्यांनी मला हेच शिकवलं होतं की सूचनेत जे लिहिलं आहे ते आणि तेवढंच करायचं. अक्षर बदललं आणि गुलाबराव पडद्यावर आले. त्यांच्या फोटोत कोट किंवा जोड नव्हता, म्हणून आधीच्या फोटोच्या जागी मुलांनी आणून दिलेलं त्यांचं इलेक्शन कार्ड खाली ठेवलं होतं. रेघ ओढली तर खालून खरोखरच चोर निघाला. भोयर सर इतके हसले की टायपिंगची मुलं उठून बघायला आली.

यात एक कसब होतं, आणि ते माझ्या जुन्या कामातलंच होतं. दोन्ही फोटोंमधले डोळे एकमेकांवर बरोबर बसले पाहिजेत. ते बसले तर रेघ सरकताना माणूस तोच राहतो, फक्त कपडे आणि जग बदलतं. डोळा जराही हलला तर दोन वेगळी माणसं दिसतात. मी जुन्या निगेटिव्हवरून प्रती काढत असे, भोयर सरांच्या स्कॅनरवर ठेवत असे आणि डोळ्यावर डोळा बसेपर्यंत एक फोटो लहानमोठा करत असे.

वसंताच्या फोटोत हे अडलं. भिंतीवरचा फोटो उभा, अरुंद, त्यात तो एकटा. जत्रेतला फोटो आडवा. डोळे जुळवले की वसंता बरोबर यायचा, पण चंद्रकला चौकटीबाहेर जायची. नुसता हात उरायचा खांद्यावर, कोणाचा ते कळायचं नाही. मी दोन दिवस तो तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी वाटलं, हे बरं दिसत नाही. मग मी वरच्या फोटोची राखाडी बाजू वाढवली. वसंताच्या शेजारी तेवढीच रिकामी जागा भरली, जेवढी खाली चंद्रकलेला लागत होती. आता चौकट दोघांना पुरत होती. वरून बघितलं तर कोटातला माणूस एका कडेला उभा आणि शेजारी नुसता राखाडी रंग.

परवानगीशिवाय मी एकही फोटो लावला नाही. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही म्हणून ज्यानं काम दिलं त्याला विचारायचं, असा माझा नियम होता. काहींकडे एसटीनं गेले, काहींना बाजाराच्या दिवशी कॅफेत यायला सांगितलं. पुंडलिकरावांना निरोप धाडला तर ते आले, आणि मागून चंद्रकलाही आली. दहा एक वर्षं उलटली होती. पुंडलिकराव काठीवर आले होते. तिचे केस कानाशी पांढरे झाले होते. सून घरात आली आहे, असं म्हणाली.

मी दोघांना पडद्यासमोर बसवलं. आधी कोटातला वसंता दाखवला. पुंडलिकरावांनी हात जोडले. मग मी रेघ धरली आणि हळूहळू ओढली. कोट गेला, बुशशर्ट आला. राखाडी रंग सरकला आणि मागून नदी आली, चंद्र आला, आणि चंद्रकला आली.

पुंडलिकराव खुर्चीत मागे सरले. "हा फोटो कुठून आनला तुम्ही?"

"निगेटिव्ह होती माझ्याकडे. का?"

"हा तं आमी वसंताच्या राखेसंगं नदीत सोडला होता. मायनं सांगतलं होतं. जिती बाई मेलेल्यासंगं फोटोत राह्यली तं तो तिले वढून नेते, असं तिचं म्हननं."

मी चंद्रकलेकडे बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती पडद्याकडे बघत होती. तिच्या लग्नाचा कोणी फोटो काढला नव्हता. दोघांचा तो एकच होता, आणि तो नदीत गेला असं समजून तिनं इतकी वर्षं काढली होती. माझ्या कपाटात तो पाकिटात घालून ठेवलेला होता, आर्वीच्या बाजारापासून पाच मिनिटांवर. तिनं कधी विचारलं नाही आणि मला सांगायचं कधी सुचलं नाही.

"वरचा ठेवा," पुंडलिकराव म्हणाले. "हा खालचा काढून टाका. जगात कोनी कुठून पाह्यलं तं? जित्या मानसाले हाराच्या फोटोत ठेवत नाई, बाई. तुमाले ठाव हाय."

मला ते ठाऊक होतं, आणि नियमही माझाच होता. काम त्यांनी दिलं होतं, आता नाही म्हणायचा हक्क त्यांचा. मी म्हटलं, "तुम्ही नको म्हणाल तर काढीन."

"मले हे धरून पाहू द्या एकडाव," चंद्रकला म्हणाली.

मी तिचा हात माउसवर ठेवला आणि वर माझा. रेघ परत मागे गेली, कोट आला, तिची जागा राखाडी झाली. तिथे ती थांबली.

"हे असे कडेले काऊन उभे हायेत? एवढी जागा कोनाची सोडली?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तुमचीच."

माझा हात तिनं बाजूला केला आणि एकटीनं रेघ ओढली, अगदी थोडी. रेघ वसंताच्या खांद्यावर आली. अलीकडे काळा कोट होता, पलीकडे तिची बोटं. तिथे तिनं रेघ तशीच धरून ठेवली. भोयर सरांनी टायपिंगच्या मुलांना हातानंच गप्प केलं.

मग ती माझ्याकडे वळली आणि मलाच म्हणाली, पण आवाज दोन खुर्च्या पलीकडे जाईल एवढा ठेवून, "सांगा जी त्याहीले. हार घरच्या भिंतीवर पडते. इथं हार कुठं हाय? इथं कोनी आलं तं कशाले घालन?"

पुंडलिकरावांनी पडद्याकडे बघितलं. चौकटीला खिळा नव्हता, दोरी नव्हती. त्यांनी काठीनं उगाच फरशीवर टक्‌टक् केलं.

"आन वढून नेनार म्हने," ती पुढे म्हणाली, "इतके वर्स झाले. न्यायचं असतं तं नेलं असतं. पोराचं लग्न करून बसली मी."

"तिचं तिनं पाहावं," पुंडलिकराव मला म्हणाले. मग उठता उठता, "फोटो साजरा हाय पन. त्याचं हासनं मी इसरूनच गेलतो." आणि ते काठी टेकत बाहेर चहाला गेले. जुन्या माणसाची परवानगी अशीच मिळते. मी ती परवानगी धरली.

ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "याची एक प्रत काढून देते, घरी ठेवा."

"द्या. पेटीत ठेवीन. पन पेटीतलं कोन पाहते?" मग तिनं पडद्यावर बोट ठेवलं, जसं पूर्वी त्या फोटोवर ठेवलं होतं. "इथं मले खालतं काऊन ठेवलं जी? कोनी हे वढन तवा मी दिसन. नाई वढलं तं? मले वरतं ठेवजा. कोट खालतं राहू द्या."

बाकी सगळ्या फोटोंत नीटनेटका वर आणि मूळ खाली असा माझा क्रम होता. क्रम मोडणं मला आवडत नाही, हे तुमच्या बाबांना विचारा. मी भोयर सरांकडे बघितलं. ते आधीच कीबोर्ड ओढून बसले होते.

"दोनच नावं हायेत काकू," ते म्हणाले. "याचं तिथं, त्याचं इथं."

आता अमेय, तुझ्यासाठी. तू साइट नव्यानं बांधशील, ते छानच होईल. जुना कोड आता जड जातो हे मलाही कळतं. रेघेऐवजी दुसरं काही आणलंस तरी माझी हरकत नाही. फक्त डोळ्यावर डोळा बसतो की नाही ते बघ, प्रत्येक फोटोत बघ. आणि हा एक फोटो सरळ करू नकोस. चंद्रकला बाजाराच्या दिवशी आर्वीला आली की अजूनही भोयर सरांकडे डोकावते. काही विचारत नाही. सरच तो फोटो उघडून खुर्ची ओढून देतात. ती रेघेला हात लावत नाही, नुसती बघते आणि भाजीला जाते. एखाद्या दिवशी तिनं यावं आणि तिला आपल्या जागी राखाडी रंग दिसावा, असं आपल्या घरातून व्हायला नको.

रेघ ओढायची असेल तर तुम्ही दोघांनी ओढा. खालून आजोबांच्या लग्नातला कोट येईल. तो जरा खाली थांबला तरी चालतं, तो आपल्या घरचा आहे.